सीमेचे माहात्म्य

अरेरा कॉलोनीतील आपल्या या शाळेत मराठीच्या प्राध्यापकाने भूकंपावर बोलावे, याचे निमित्त एक शब्द आहे : ‘कोडा’. इटालियन भाषेत त्याचा अर्थ शेपूट. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त करणाऱ्या भूकंपासारखा मुख्य धक्का ओसरला, तरी भूकंपमापकाची रेघ बराच वेळ थरथरत राहते. तोच हा कोडा. खडकांतील भेगांवर व असमान थरांवर आपटून विखुरलेल्या लहरी उशिरा पोहोचतात, असा त्याचा उलगडा केइती आकी यांनी १९६९ मध्ये केला.

परंतु हे शेपूट किती लांबावे, हे केवळ खडकाची अंतर्रचना ठरवीत नाही, सीमाही ठरवितात. भूपृष्ठ ही जवळजवळ बंद सीमा होय. हवेत अत्यल्प ऊर्जा जाते, उरलेली खाली परतते. भूकवचाचा तळ मात्र अर्धवट उघडा असतो. तेथून खाली प्रावरणात निसटलेली बरीचशी ऊर्जा पुन्हा वर येत नाही. ही गळती विसरून सारी घट खडकाने शोषली असे मानल्यास त्याची शोषणशक्ती फाजील ठरते, आणि दूरच्या गावाला बसणारा हादरा कमी लेखला जाण्याची भीती असते. घराच्या भिंती किती बळकट हव्यात, हे ठरविताना म्हणूनच ऊर्जा कोठे अडते आणि कोठून निसटते, याचाही हिशेब मांडावा लागतो.