प्रभागाचे राजकारण आणि सुशिक्षितांचे सोवळे

जानेवारी २०२६ मध्ये महाराष्ट्रातील २९ महापालिकांसाठी मतदान झाले. या निवडणुका काही शहरांत जवळजवळ चार वर्षे, तर काही शहरांत त्याहूनही अधिक काळ रखडल्या होत्या आणि तोवर कारभार प्रशासकांच्या हाती होता. इतक्या प्रतीक्षेनंतर मतदानाचा दिवस उजाडण्यापूर्वीच राज्यात साठांहून अधिक उमेदवार बिनविरोध निवडून आले. त्यांत सर्वांत मोठा वाटा कल्याण-डोंबिवलीचा होता. डोंबिवली म्हटले की वाचनालये, व्याख्यानमाला आणि सकाळची लोकल गाठणारा नोकरदार डोळ्यांसमोर येतो. नेमक्या त्या महापालिकेत अनेक जागांसाठी मतदाराला बोटाला शाई लावून घेण्याचीही संधी मिळाली नाही. बिनविरोध निवडींमागे पैसा आणि दडपण असल्याचे आरोप झाले. त्यांची शहानिशा व्हायला हवीच. पण त्याआधी एक साधा प्रश्न उरतो. उमेदवार ठरत होते, अर्ज भरले आणि मागे घेतले जात होते, तेव्हा हा सुशिक्षित नागरिक कोठे होता?

तो घरी होता. राजकारणाविषयी त्याची मते ठाम असतात आणि मतदानही तो बहुधा चुकवत नाही. मात्र पक्ष नावाच्या गोष्टीचा विटाळ त्याला सोसत नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीवरून दोन तास वाद घालणारा हा गृहस्थ चौकातल्या पक्ष कार्यालयाची पायरी चढणे कमीपणाचे मानतो. तेथे काय चालते याची त्याची कल्पनाही ऐकीवच असते.

प्रत्यक्षात तेथे जे चालते ते पुष्कळदा कंटाळवाणे असते. एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर नेत्यांच्या तसबिरी. कोणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कोणाच्या शिधापत्रिकेवर सुनेचे नाव चढवायचे असते, कोणाला रुग्णालयात खाट मिळत नसते. कार्यकर्ता फोन लावतो, अर्ज भरून देतो, सोबत जातो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हा विनिमय आहे: आज सेवा, उद्या मत, आणि मधल्या काळात सभेला गर्दी. त्यात लाचारी आहे, क्वचित दांडगाईही आहे. पण ज्याला सरकारी खिडकीपर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग नाही त्याच्या दृष्टीने हा व्यवहार पूर्णपणे शहाणपणाचा आहे. मध्यमवर्गीयाजवळ दुसरे मार्ग असतात. खासगी रुग्णालय असते, टँकर मागवण्याची ऐपत असते, मंत्रालयात कोणी मेहुणा असतो. त्याला कार्यकर्त्याची गरज नाही आणि म्हणून कार्यकर्त्यालाही त्याची गरज नाही. दोघेही हे ओळखून आहेत. तक्रार मात्र एकट्या मध्यमवर्गीयाचीच ऐकू येते.

मॅन्कर ओल्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली सामूहिक कृतीविषयी जे विवेचन केले, ते येथे चपखल बसते. ज्या लाभातून कोणालाच वगळता येत नाही, त्यासाठी स्वतः झीज सोसण्यास मोठ्या समूहातील शहाणा माणूस सहसा तयार होत नाही. दुसऱ्याने झीज सोसली तरी लाभ मिळणारच असतो. चांगला नगरसेवक हा असाच लाभ आहे. त्यासाठी संध्याकाळी दोन तास सतरंजीवर कोण बसणार? जो बसतो त्याला वेगळे काही मिळणार असते: कंत्राट, ओळख, पद किंवा निदान परिसरातला मान. तेव्हा स्थानिक राजकारणात हितसंबंधी माणसेच दिसतात याचे नवल वाटू नये. बाकीच्यांनी ती जागा आपणहून मोकळी केलेली असते.

नेहमीच असे होते असे नाही. मृणाल गोरे १९६१ साली मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या, त्या गोरेगावातील वस्त्यांच्या पाण्याच्या प्रश्नाला हात घालून. त्या समाजवादी पक्षाच्या कार्यकर्त्या होत्या आणि वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून या कामात उतरल्या होत्या. १९७२ च्या सुमारास अहिल्याताई रांगणेकरांसारख्या कम्युनिस्ट नेत्यांबरोबर त्यांनी महागाईविरुद्ध बायकांचे लाटणे मोर्चे काढले, तेव्हा त्यांत चाळीतल्या स्त्रियांबरोबर शिक्षिका आणि कारकुनांच्या बायकाही होत्या. गिरणगावात लाल बावट्याने आणि १९६६ नंतर शिवसेनेच्या शाखांनी गल्लीपर्यंत जी बांधणी केली, तिच्या मार्गांविषयी आणि मतांविषयी तीव्र मतभेद असू शकतात, आहेतही. परंतु या साऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: राजकारण निवडणुकीच्या महिन्यात नव्हे, तर अधल्यामधल्या वर्षांत होते.

त्यानंतर सुशिक्षितांनी वेगळी वाट धरली. नागरी मंच, रहिवासी संघ, मुंबईत १९९७ पासून महापालिकेच्याच पुढाकाराने उभे राहिलेले परिसर व्यवस्थापनाचे गट यांनी कचरा आणि पदपथ यांबाबत चांगले काम केले. मात्र पक्षाला वगळून प्रभाग जिंकता येतो, ही आशा फारशी फळली नाही. याला एक रचनात्मक कारण आहे. मुंबई वगळता राज्यातील महापालिकांत २००२ साली तीन सदस्यांचे प्रभाग होते, २००७ साली एका सदस्याचे, २०१२ साली दोघांचे, २०१७ साली चौघांचे; आताही प्रामुख्याने चौघांचेच. प्रत्येक निवडणुकीला खेळाचा नियमच बदलायचा, असा हा प्रकार आहे. पुण्यात यावेळी १६५ जागा होत्या आणि प्रभाग अवघे ४१. एकेका प्रभागात ऐंशी हजारांच्या आसपास वस्ती. एवढ्या मोठ्या क्षेत्रात ओळखीच्या बळावर अपक्षाने उभे राहणे म्हणजे होडीने समुद्र ओलांडणे. प्रभाग जितका मोठा, तितके पक्षाच्या चिन्हाचे मोल अधिक, आणि चिन्ह ज्याच्या हाती त्याची सत्ता अधिक. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने अपेक्षिलेल्या प्रभाग समित्या किंवा राज्याच्या २००९ च्या कायद्यातील क्षेत्रसभा नीट रुजल्या असत्या तर चित्र थोडे निराळे दिसले असते. क्षेत्रसभा तर कागदावरच राहिल्या.

यावर एक आक्षेप निघेल आणि तो वजनदार आहे. पक्षात शिरून तरी काय साधणार? तेथे निवडणुका होत नाहीत, नेमणुका होतात; उमेदवारी वरून येते आणि दहा वर्षे सतरंज्या उचलणाऱ्याच्या डोक्यावर आदल्या रात्री दुसऱ्या पक्षातून आलेला पाहुणा बसतो. हे खरे आहे. पक्षांतर्गत लोकशाहीची सक्ती करणारा प्रभावी कायदा आपल्याकडे नाही. पक्षाने आपली घटना पाळली नाही म्हणून निवडणूक आयोग त्याची नोंदणी रद्द करू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २००२ मध्ये स्पष्ट केले. परंतु ज्या घरात आपण राहत नाही त्याच्या भाडेकराराविषयी कितीही संताप केला तरी मालक ऐकत नाही. प्रभागात दोनशे जागरूक सभासद आहेत आणि ते बैठकीला येतात, हे ठाऊक असले तर वरच्या नेत्यालाही उमेदवार लादण्यापूर्वी हिशेब करावा लागतो. तो हिशेब दरवेळी सभासदांच्या बाजूने लागेल, असे मात्र कोणी समजू नये.

या वर्गातील अनेकांचे हात नियमांनी बांधलेले आहेत, हेही विसरता येत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ नुसार शासकीय कर्मचाऱ्याला पक्षाचे सभासद होता येत नाही. ही बंदी योग्यच आहे. परवान्याच्या खिडकीमागे पक्षाचा माणूस बसलेला कोणालाच नको. पण ती घरातील सर्वांना लागू नाही. निवृत्त वडील, खासगी नोकरीतील भाऊ, महाविद्यालयात शिकणारी मुलगी यांना कोणी अडवलेले नाही. वयाच्या अठराव्या वर्षी मत देता येते आणि एकविसाव्या वर्षी नगरसेवकपदासाठी उभे राहता येते. नागरी संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्या जागांवर नगरसेवकाच्या पत्नीचेच नाव दिसते म्हणून नाके मुरडणाऱ्या घरांतून किती जणींनी अर्ज मागितला?

कामाची सुरुवात कोठून करावी याचे उत्तर मुळीच आकर्षक नाही. ते मतदारयादीत आहे. महापालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरून तयार होते आणि प्रभागाच्या सीमेवर ती तोडताना अख्खी इमारतच शेजारच्या प्रभागात जाऊन पडते. मेलेल्यांची नावे राहतात, जिवंतांची गळतात. प्रारूप यादी लागल्यावर हरकतींसाठी मोजके दिवस असतात आणि त्या दिवसांत बोटाने ओळी तपासणारा माणूस लागतो. यादीच्या शासकीय बाजूला मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून बहुधा शाळेतील एखादा शिक्षकच दारोदार फिरत असतो. पक्षाच्या बाजूने तेच काम करणारा केंद्रप्रतिनिधी अनेक ठिकाणी नेमलेलाच नसतो, किंवा नेमलेला असतो तो केवळ कागदावर. व्यवस्थित अक्षर, तक्ते भरण्याची सवय आणि थोडा चिवटपणा एवढेच त्याला लागते. हे गुण ज्यांच्यापाशी आहेत त्यांच्याकडे प्रारूप यादी बहुधा पोहोचतच नाही. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर उभे राहून नाव शोधताना ती त्यांना पहिल्यांदा दिसते.