विश्लेषण : मोबाइलच्या जमान्यातही चावीचे घड्याळ का टिकले? केसाहून पातळ स्प्रिंग, कृत्रिम माणिक आणि हातांचे कसब

वेळ पाहायला आता मनगटाकडे नजर टाकावी लागत नाही. खिशातला मोबाइल सेकंदाचीही चूक करत नाही. शे-दोनशे रुपयांचे बॅटरीवरचे घड्याळही लाखो रुपयांच्या यांत्रिक घड्याळापेक्षा अचूक चालते. तरीही स्वित्झर्लंडमधून २०२३ मध्ये सुमारे २६.७ अब्ज स्विस फ्रँक किमतीची घड्याळे निर्यात झाली आणि त्यातला मूल्याने मोठा वाटा यांत्रिक घड्याळांचाच होता. दुसरीकडे आपल्याकडे आजोबांचे ‘एचएमटी’ कपाटात पडून असते, कारण ते उघडणारा घड्याळजी शोधूनही सापडत नाही. या घड्याळांत असे असते तरी काय? त्यांची किंमत कशाची आणि हे कौशल्य हरवले तर नेमके काय हरवेल, याविषयी...

चावीचे घड्याळ चालते कसे?

यांत्रिक घड्याळात बॅटरी नसते. चावी दिली की एका गोल डबीतील लांब पट्टीसारखी मुख्य स्प्रिंग आवळली जाते. ऑटोमॅटिक घड्याळात हेच काम मनगटाच्या हालचालीने फिरणारे वजन करते. आवळलेली स्प्रिंग सुटू पाहते आणि दंतचक्रांची साखळी फिरवते. तिला मोकळे सोडले तर सारी ऊर्जा काही क्षणांत संपेल. म्हणून शेवटच्या चक्रापाशी एक पहारेकरी बसवलेला असतो, त्याला ‘एस्केपमेंट’ म्हणतात. तो चक्राचा एकेक दात अडवतो आणि सोडतो. आपल्याला ऐकू येणारी टिकटिक ती हीच.

दात केव्हा सोडायचा हे ठरवते बॅलन्स व्हील. हे चाक अतिशय बारीक हेअरस्प्रिंगच्या ताणावर एकदा इकडे, एकदा तिकडे असे झोके घेत राहते. जुन्या घड्याळांत ते तासाला १८,००० झोके घेते, म्हणजे सेकंदाला ५. आजच्या अनेक घड्याळांत हा आकडा २८,८०० आहे. तासाला १८,००० या हिशेबाने दिवसाला ४,३२,००० आणि वर्षाला पावणेसोळा कोटींहून अधिक झोके होतात. सलग एवढे काम करणारे सुटे भाग आकाराने मात्र तांदळाच्या दाण्याएवढे किंवा त्याहूनही लहान असतात.

सर्वांत अवघड भाग कोणता?

हेअरस्प्रिंग. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६७५ मध्ये बॅलन्स व्हीलला गुंडाळीची स्प्रिंग जोडली. इंग्लंडच्या रॉबर्ट हूक यांनीही या कल्पनेवर हक्क सांगितला होता. त्याआधीची खिशातली घड्याळे इतकी चुकत की त्यांना मिनिटकाटा लावण्यात फारसा अर्थ नव्हता.

मात्र पोलादाच्या स्प्रिंगला एक खोड होती. उष्णता वाढली की तिची लवचीकता बदलते आणि घड्याळ मागे पडते. साध्या पोलादी स्प्रिंगचे घड्याळ तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले तर दिवसाला सुमारे ११ सेकंद मागे पडते. नागपूरच्या मे महिन्यातील दुपार आणि वातानुकूलित खोली यांत १५ अंशांचा फरक धरला, तर ही चूक दिवसाला पावणेतीन मिनिटांच्या घरात जाते.

यावरचा उपाय धातुशास्त्राने दिला. घड्याळजींच्या घराण्यात जन्मलेले स्विस शास्त्रज्ञ शार्ल एदुआर गियोम पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजन-मापे संस्थेत काम करत. लोखंड आणि सुमारे ३६ टक्के निकेल यांचा मिश्रधातू तापमान बदलले तरी जवळजवळ प्रसरण पावत नाही, हे त्यांनी १८९६ मध्ये दाखवले. हा ‘इन्व्हार’. पुढे त्यांनी लवचीकता न बदलणारा ‘एलिन्व्हार’ही घडवला. निकेलयुक्त पोलादावरील या कामासाठी त्यांना १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढच्याच वर्षीचे नोबेल आइन्स्टाइन यांच्या नावे आहे, एवढ्यावरूनही या शोधाचे वजन लक्षात यावे. १९३० च्या दशकात राइनहार्ड श्ट्राउमान यांनी ‘निव्हारॉक्स’ हा आणखी सुधारित मिश्रधातू आणला. त्यात लोखंड-निकेलसोबत क्रोमियम, टायटॅनियम आणि बेरिलियमही असते. आजही असंख्य यांत्रिक घड्याळांतील हेअरस्प्रिंग याच धातूची असते. तार हिऱ्याच्या साच्यांतून पुन्हा पुन्हा ओढून बारीक करायची, मग रुळांखाली चपटी करायची आणि गुंडाळून भट्टीत तिचा आकार पक्का करायचा, अशी ही कृती आहे. जाडीतील किंचितसा फरकही दिवसाकाठी मिनिटांची चूक घडवतो.

‘१७ ज्वेल्स’ म्हणजे १७ मौल्यवान खडे का?

नाही. तबकडीवर लिहिलेले ‘१७ ज्वेल्स’ म्हणजे चाकांच्या आसांना आधार देणारे माणिक. धातूवर धातू फिरला की झीज होते. माणिक अतिशय कठीण आणि गुळगुळीत असते, त्यामुळे घर्षण कमी होते. माणकाला भोक पाडून ते घड्याळात बसवण्याचे तंत्र लंडनमध्ये १७०४ पासूनचे आहे.

पूर्वी त्यासाठी नैसर्गिक खडे लागत. फ्रेंच रसायनतज्ज्ञ ऑग्युस्त व्हर्नई यांनी १९०२ मध्ये कृत्रिम माणिक बनवण्याची पद्धत जाहीर केली. ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड दोन हजार अंशांहून अधिक तापमानाच्या ज्योतीतून सोडायची, ती वितळून थेंबाथेंबाने साचते आणि कांडीसारखा स्फटिक वाढतो. रंग येतो तो थोड्याशा क्रोमियममुळे. क्रोमियम वगळले की तोच पदार्थ पारदर्शक होतो. महागड्या घड्याळांची न चरणारी ‘सफायर’ काच ती हीच. म्हणजे आतले माणिक आणि वरची काच ही एकाच पदार्थाची दोन रूपे आहेत.

साध्या चावीच्या घड्याळात १७ माणके पुरतात. बॅलन्स व्हीलच्या आसाला चार, त्याला धक्का घेणारे एक, एस्केपमेंटच्या फाट्याला चार आणि चार चाकांना प्रत्येकी दोन. दर नगाला त्यांची किंमत किरकोळ असते. त्यामुळे माणके जास्त म्हणजे घड्याळ भारी, हा समज खरा नाही.

धातू चांगला असला की काम भागते?

भागत नाही. पूर्वीच्या पोलादी मुख्य स्प्रिंगा गंजत आणि अचानक तुटत. विसाव्या शतकाच्या मध्यावर कोबाल्ट, निकेल व क्रोमियमचे मिश्रधातू आले आणि तो त्रास जवळपास संपला. अमेरिकेतील एल्जिन या घड्याळ कंपनीसाठी विकसित झालेला ‘एल्जिलॉय’ पुढे दातांना लावायच्या तारांतही वापरला जाऊ लागला.

तेल हा तितकाच महत्त्वाचा घटक. एकेकाळी पॉरपॉइजसारख्या सागरी प्राण्यांच्या जबड्यातील तेल घड्याळांत वापरत, कारण ते थंडीत गोठत नसे. आता कृत्रिम तेले वापरतात आणि एकाच घड्याळात वेगवेगळ्या जागी वेगवेगळे तेल लागते. वेगाने फिरणाऱ्या आसाला पातळ, मुख्य स्प्रिंगच्या बाजूला दाट. थेंब सुईच्या टोकावर मावेल एवढा. जास्त पडले तर ते पसरून निघून जाते, कमी पडले तर आस झिजतो. इंग्रज घड्याळकार जॉर्ज डॅनियल्स यांनी १९७० च्या दशकात घासण कमी करणारी ‘को-ॲक्सियल’ एस्केपमेंट शोधली, ती या तेलावरचे अवलंबित्व कमी करण्यासाठीच. ओमेगा कंपनीने १९९९ मध्ये ती बाजारात आणली.

मग हातांचे काम उरते कुठे?

सुटे भाग आज संगणक नियंत्रित यंत्रेच कापतात. हात लागतो तो जुळवणीत आणि लय लावण्यात. घड्याळ आडवे ठेवले, उभे धरले, चावी वर किंवा खाली केली की गुरुत्वाकर्षणाचा परिणाम बदलतो आणि वेगही. सर्व स्थितींत वेग सारखा आणणे हे घड्याळजीचे खरे कसब. स्वित्झर्लंडमधील ‘सीओएससी’ ही संस्था घड्याळाचे यंत्र १५ दिवस, ५ स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सिअस या ३ तापमानांत तपासते. दिवसाची सरासरी चूक उणे ४ ते अधिक ६ सेकंदांत बसली तरच ‘क्रोनोमीटर’ प्रमाणपत्र मिळते. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. म्हणजे ही मुभा साधारण ०.०१ टक्क्याची आहे.

दुसरे काम सजावटीचे. सुट्या भागांच्या कडा तिरप्या कापून चकचकीत करणे, पोलादाला कथलाच्या पत्र्यावर घासून आरशासारखी काळी झिलई आणणे, पट्ट्यापट्ट्यांची नक्षी काढणे. यातले काही घड्याळ उघडल्याशिवाय दिसतही नाही. त्याने वेळ अधिक अचूक होत नाही, किंमत मात्र बरीच वाढते. ग्राहक पैसे मोजतो ते माणसाच्या तासांचे.

क्वार्ट्झमुळे काय झाले?

जपानच्या सेइको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी ‘ॲस्ट्रॉन’ हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. आज सर्वत्र वापरला जाणारा क्वार्ट्झ स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. यांत्रिक घड्याळाचे ५ किंवा ८ झोके त्यापुढे टिकणे शक्यच नव्हते. स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगात १९७० च्या सुमारास सुमारे ९० हजार लोक काम करत. १९८० च्या दशकात ही संख्या सुमारे एक तृतीयांश उरली. कारखान्यांनी यंत्रे आणि अवजारे भंगारात काढली.

यांत्रिक घड्याळ वाचले ते अचूकतेची शर्यत सोडून दिल्यावर. ते हस्तकला आणि प्रतिष्ठेची वस्तू म्हणून विकले जाऊ लागले. यांत्रिक घड्याळनिर्मितीच्या कौशल्याला डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. हा प्रस्ताव स्वित्झर्लंड आणि फ्रान्सचा संयुक्त होता.

भारतात हे कौशल्य होते का?

होते, आणि मोठ्या प्रमाणावर. एकोणिसाव्या शतकापासून स्विस घड्याळे मुंबईच्या बाजारात येत. ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’च्या तबकड्यांवर तर बॉम्बे आणि कलकत्ता ही नावे छापलेली असत. देशी उत्पादन उभे राहिले ते १९६१ मध्ये. सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्थान मशिन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बेंगळूरुत कारखाना काढला. ‘जनता’, ‘पायलट’, ‘कोहिनूर’, ‘सोना’ ही नावे घराघरांत पोहोचली. दहावीच्या निकालाला, पहिल्या पगाराला, लग्नात जावयाला एचएमटी घेणे ही रीतच होती. अंध व्यक्तींसाठी ब्रेल घड्याळेही या कारखान्यात तयार होत.

टाटा समूह आणि तमिळनाडू औद्योगिक विकास महामंडळाच्या भागीदारीतून १९८४ मध्ये टायटन स्थापन झाली. तिने सुरुवातीपासून क्वार्ट्झवर भर दिला. एचएमटीला हा बदल वेळेत पेलला नाही. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. स्विस उद्योगाला संकटानंतर दुसरी संधी मिळाली, भारतीय उद्योगाला ती घेता आली नाही.

नवे साहित्य दुरुस्तीच्या मुळावर येते का?

काही अंशी हो. आता हेअरस्प्रिंग आणि एस्केपमेंटमध्ये सिलिकॉन आले आहे. २००१ मध्ये युलिस नार्डिनने, तर त्यानंतर काही वर्षांत पाटेक फिलिपसारख्या कंपन्यांनी ते वापरले. सिलिकॉनवर चुंबकाचा परिणाम होत नाही, ते हलके असते आणि एस्केपमेंटच्या सुट्या भागांना तेलही फारसे लागत नाही. पण ते ठिसूळ आहे. धातूची वाकडी झालेली स्प्रिंग कुशल घड्याळजी चिमट्याने सरळ करतो, सिलिकॉनची तुटते. मग मूळ कंपनीकडून नवा भाग आणण्यावाचून पर्याय नसतो. १९६० च्या दशकातील घड्याळ गल्लीतला कारागीर आजही चालू करू शकतो. आजचे घड्याळ साठ वर्षांनी कोण चालू करील, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

घरातल्या जुन्या घड्याळाचे काय करावे?

वर्षानुवर्षे बंद असलेल्या घड्याळाला लगेच चावी देऊन चालवू नये. आतले तेल सुकून चिकट झालेले असते आणि कोरडे आस झिजतात. आधी ते पूर्ण सुटे करून स्वच्छ करणे व नवे तेल देणे आवश्यक असते. शिलाई यंत्राचे किंवा फवारणीचे तेल कधीही सोडू नये. नियमित वापरातील घड्याळाची अशी सफाई साधारण चार-पाच वर्षांनी करून घ्यावी. चांगले चालणारे घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटे पुढे धावू लागले, तर बहुतेक वेळा त्याला चुंबकत्व लागलेले असते. मोबाइलचे चुंबकी कव्हर किंवा स्पीकर पुरेसा असतो. घड्याळजीकडील छोट्या उपकरणाने ते काही सेकंदांत जाते.

जुने घड्याळ ऑनलाइन विकत घेताना अधिक सावध राहावे. जुन्या यंत्रावर नवी रंगवलेली तबकडी, भलतेच काटे आणि वेगळ्याच घड्याळाची केस बसवून ‘दुर्मीळ’ म्हणून विकण्याचा धंदा एवढा फोफावला, की परदेशातील संग्राहकांत अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ असेच नाव पडले आहे. ‘जनता’सारख्या मॉडेलची तबकडी भडक गुलाबी किंवा मोरपंखी दिसली, तर ती कारखान्यातून तशी आलेली नसण्याचीच शक्यता अधिक. मूळ तबकडीवर वयाचे डाग असतात, अक्षरे मात्र रेखीव असतात. रंगवलेल्या तबकडीवर अक्षरे जाडी-भरडी आणि वाकडी दिसतात. डाग घालवण्यासाठी घरातल्या घड्याळाची तबकडी नव्याने रंगवून घेणे, हेही याच कारणाने टाळावे. यंत्र दुरुस्त होते, एकदा पुसलेली मूळ तबकडी परत येत नाही.