जयणेचा महामार्ग

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, रॉकी पर्वताच्या रांगांमधून, लेक लुईस ते जॅस्पर असा २३२ किलोमीटरचा एक रस्ता जातो. ‘आइसफील्ड्स पार्कवे’ हे त्याचे नाव. बर्फाच्छादित शिखरे, त्यांच्या अंगावरून उतरणाऱ्या हिमनद्या, पायथ्याशी निळी-हिरवी सरोवरे आणि मधूनमधून धबधबे असे दृश्य या रस्त्यावर जवळजवळ अखंड दिसत राहते. कॅल्गरीला मुला-मुलींकडे गेलेल्या आपल्याकडील आई-वडिलांना हा प्रवास बहुधा आवर्जून घडविला जातो. पहाटे निघावे, थांबत थांबत पाहत जावे आणि सूर्यास्तापूर्वी जॅस्पर गाठावे, असा हा एका दिवसाचा कार्यक्रम असतो.

या मार्गाच्या सौंदर्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. जैन वाचकाला मात्र येथे आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. आपल्या आचारधर्मात ‘जयणा’ या शब्दाला मोठे स्थान आहे. चालताना, बोलताना, वस्तू उचलताना-ठेवताना आपल्यामुळे कोणत्याही जीवाला इजा होऊ नये, अशी सतत जागी असलेली सावधगिरी म्हणजे जयणा. साधू-साध्वी पुढची जमीन पाहून पाऊल टाकतात, ती ईर्यासमिती. ताशी नव्वद किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मोटारीला ईर्यासमिती कशी लागू करायची? या प्रश्नाचे पूर्ण उत्तर कोणाकडेच नाही, परंतु रॉकी पर्वतातील या उद्यानांनी काही अंशी ते शोधले आहे.

गरम पाण्याच्या झऱ्यापासून सुरुवात

उद्यानाचा जन्म व्यापारी हिशेबातून झाला, हे सांगितले पाहिजे. १८८३ मध्ये रेल्वेच्या कामगारांना बॅन्फजवळ गरम पाण्याचे झरे सापडले. त्यांच्या मालकीवरून तंटा सुरू झाला, तेव्हा सरकारने १८८५ मध्ये झऱ्यांभोवतीची सुमारे २६ चौरस किलोमीटर जागा राखून ठेवली. नव्या रेल्वेमार्गाला प्रवासी हवे होते, म्हणून डोंगरात आलिशान हॉटेले उभी राहिली. त्या लहानशा राखीव जागेतून कॅनडाचे पहिले राष्ट्रीय उद्यान आकाराला आले. आज बॅन्फचे क्षेत्रफळ ६,६४१ चौरस किलोमीटर आहे. जॅस्पर उद्यान १९०७ मध्ये स्थापन झाले, ते सुमारे ११ हजार चौरस किलोमीटरचे आहे. १९८४ पासून ही दोन्ही उद्याने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. या जमाखर्चात एक नोंद दुःखाची आहे. पिढ्यान्‌पिढ्या येथे वावरणाऱ्या स्टोनी नाकोडा या आदिवासी समाजाला बॅन्फमध्ये मज्जाव झाला, तर जॅस्परच्या खोऱ्यातील मेटी कुटुंबांना घरे सोडावी लागली.

प्राण्यांसाठी बांधलेले पूल

कॅल्गरीहून निघाल्यावर साधारण दीड तासात बॅन्फ येते. येथून लेक लुईसपर्यंतचा प्रवास देशाच्या मुख्य महामार्गावरून होतो. त्यावर मालमोटारींची वर्दळ अहोरात्र असते. पूर्वी या रस्त्यावर हरणे, एल्क, लांडगे आणि अस्वले वारंवार चिरडली जात. १९८०च्या दशकापासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच कुंपण घालण्यास सुरुवात झाली. परंतु नुसत्या कुंपणाने प्राण्यांचा जीव वाचला, तरी त्यांचे रान दुभंगले असते. म्हणून रस्त्याखालून भुयारी वाटा आणि रस्त्यावरून रुंद पूल बांधण्यात आले. या पुलांवर माती पसरून गवत आणि झाडे लावलेली आहेत. आज तेथे सहा पूल आणि अडतीस भुयारी वाटा आहेत.

जनावरांना हे पूल कळतील काय, अशी शंका आरंभी घेतली जाई. ग्रिझली अस्वलांना विश्वास बसायला काही वर्षे लागली. आज ती पिल्लांसह पुलावरून जातात. काळी अस्वले आणि प्यूमा अरुंद भुयारी वाट अधिक पसंत करतात. कुंपण आणि पूल झाल्यावर मोठ्या वन्य प्राण्यांना होणारे अपघात ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले, तर एल्क आणि हरणे यांच्या बाबतीत घट नव्वद टक्क्यांच्याही वर गेली.

महामार्गाला समांतर लोहमार्ग आहे. धान्याच्या व्यापारात असलेल्या कुटुंबांनी त्याची हकिगत ऐकावी. कॅनडाच्या मैदानी प्रदेशातील गहू आणि अन्य धान्य या मार्गाने पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांकडे जाते. वाघिणींतून थोडे थोडे धान्य रुळांवर सांडते. ते खाण्यासाठी अस्वले रुळांवर येतात आणि कधी गाडीखाली सापडतात. गळतीचा तोटा आपण वहीत वजनाने लिहितो. तो जीवानेही मोजता येतो, हे येथे दिसते.

दाणे घालण्याची दया आणि न घालण्याची दया

लेक लुईसला मुख्य महामार्ग सोडून गाडी उत्तरेकडे वळली की खरा पार्कवे सुरू होतो. १९३१ मध्ये, महामंदीच्या काळात, बेकारांना काम देण्यासाठी हा रस्ता हाती घेण्यात आला आणि १९४०मध्ये तो खुला झाला. येथे कुंपण नाही आणि पूलही नाहीत. आतापर्यंत सरकारने बाळगलेली सावधगिरी येथून पुढे चालकाने स्वतः बाळगायची असते.

मे-जूनमध्ये रस्त्याच्या कडेला कोवळे गवत आणि पिवळी रानफुले उगवतात. ती खायला अस्वले येतात. एखादे अस्वल दिसले की गाड्यांची रांग लागते. नियम असा की अस्वल किंवा लांडगा यांच्यापासून शंभर मीटर आणि एल्क, हरिण, रानमेंढी यांच्यापासून तीस मीटर अंतर राखावे, अस्वल दिसल्यास गाडीतून उतरू नये आणि त्याला काहीही खाऊ घालू नये. प्राण्यांना खाद्य दिल्यास दंडाची कमाल मर्यादा पंचवीस हजार डॉलरपर्यंत आहे.

कबुतरांना दाणे, मुंग्यांना पीठ, गाईला घास ही आपल्या घराघरांतली शिकवण. थांब्यावर खाखरा खात असताना एखादी खार पुढचे दोन पाय उचलून समोर उभी राहते, तेव्हा आजीचा हात आपोआप डब्याकडे जातो. मग नातू तिला थांबवतो आणि तिला ते काहीसे निष्ठुर वाटते. परंतु या नियमामागचे कारण दयेचेच आहे. माणसाच्या हातचे अन्न चाखलेले अस्वल त्या चवीच्या शोधात वस्तीत, तंबूत आणि मोटारींजवळ येऊ लागते. एकदा ते माणसाला धोकादायक ठरले की शेवटी त्याला मारावे लागते. एका पोळीची किंमत त्या जीवाने अशी मोजायची. म्हणूनच येथे न देणे हे अभयदान ठरते, आणि डबा घट्ट बंद करून खाली सांडलेला चुरा उचलणे ही जयणा ठरते.

उद्यानातून दगड, फूल, हरणाचे गळून पडलेले शिंग यांपैकी काहीही उचलून नेण्यास मनाई आहे. निष्कारण पाने तोडू नयेत, जमीन उकरू नये, पाणी सांडू नये, असे आपल्या श्रावकाचारातील अनर्थदंडविरमण व्रत सांगते. ते व्रत मुलांना समजावून सांगण्यास याहून चांगली शाळा शोधून सापडणार नाही.

जाते आणि पीठ

लेक लुईसपासून चाळीसेक किलोमीटरच्या आत बो सरोवर आणि त्यानंतर पेटो सरोवर येते. बो शिखरखिंडीजवळून थोडे चालत गेल्यावर पेटो सरोवर एकदम खाली दिसते. त्याचा रंग पाहून पाण्यात काही मिसळले असावे अशी शंका येते, आणि ती एका अर्थी खरीच आहे. हिमनदी हळूहळू सरकताना खालचा खडक जात्यासारखा दळते. दगडाचे हे अतिशय बारीक पीठ वितळलेल्या पाण्याबरोबर सरोवरात येऊन तरंगत राहते. त्याच्यावरून परावर्तित झालेल्या प्रकाशातील निळ्या-हिरव्या छटाच आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचतात. जोवर जाते फिरते आहे, तोवर हा रंग आहे.

बर्फाचा ताळेबंद

सुमारे १२० किलोमीटर गेल्यावर सनवाप्ता खिंड येते. येथे बॅन्फची हद्द संपून जॅस्परची सुरू होते. महाबळेश्वरच्या एका उतारावरचे पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला आणि दुसऱ्या उतारावरचे सावित्रीतून अरबी समुद्राला मिळते, हे आपण शाळेत शिकलो. येथील कोलंबिया हिमक्षेत्राचे पाणी तीन दिशांना जाते. एका बाजूचे प्रशांत महासागराला, दुसऱ्या बाजूचे आर्क्टिक महासागराला आणि तिसऱ्या बाजूचे हडसन उपसागरामार्गे अटलांटिकला मिळते.

या हिमक्षेत्रातून उतरणारी अथाबास्का हिमनदी रस्त्यावरूनच दिसते. तिच्या मुखाकडे जाणाऱ्या पायवाटेवर वर्षांचे आकडे लिहिलेले फलक उभे आहेत. त्या त्या साली बर्फाची कड तेथपर्यंत होती. १९०८, १९२५, १९४८, १९८२ असे आकडे मागे टाकीत माणूस चालत राहतो आणि बर्फ मात्र पुढेच असतो. गेल्या सव्वाशे वर्षांत ही हिमनदी दीड किलोमीटरहून अधिक मागे सरली आहे आणि तिचे निम्मे घनफळ संपले आहे.

शास्त्रज्ञ हिमनदीचे मोजमाप व्यापाऱ्याच्या वहीप्रमाणेच ठेवतात. हिवाळ्यात पडलेला बर्फ जमेच्या बाजूला आणि उन्हाळ्यात वितळलेला खर्चाच्या बाजूला. वर्षाअखेरीस शिल्लक काढायची. पेटो सरोवरावरच्या हिमनदीची अशी वही १९६०च्या दशकापासून ठेवली जात आहे. तिचा कल सरळ आहे, कारण खर्च जमेपेक्षा अधिक आहे आणि तूट मुद्दलातून भरली जात आहे. मुद्दल खाऊन चालणाऱ्या पेढीचे पुढे काय होते, हे या मासिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. तापलेल्या हवेमुळे वितळणे वाढले आहे, आणि वणव्यांची काजळी बर्फावर बसून ते आणखी वाढवते.

अस्वलाला वाचवायला कुंपण घालता आले. हिमनदीभोवती कुंपण घालता येत नाही. तिला तापवणारा धूर जगभरातल्या गिरण्या, वीजकेंद्रे, विमाने आणि मोटारींतून येतो. त्यात आपल्या कारखान्यांचा आणि या सहलीचाही वाटा आहे. प्रथम तीर्थंकर भगवान ऋषभदेवांची निर्वाणभूमी म्हणून ज्या समाजाला हिमाच्छादित अष्टापद वंदनीय आहे, आणि जो समाज पाण्याच्या थेंबालाही अप्काय जीव मानतो, त्याने हे दृश्य केवळ छायाचित्रापुरते पाहू नये.

धबधबे आणि जळालेले रान

पुढे उतार लागतो. सनवाप्ता आणि अथाबास्का हे दोन धबधबे वाटेवरच आहेत. अथाबास्काची उंची अवघी २३ मीटर, पण अख्खी नदी खडकाच्या अरुंद फटीत कोसळते. कठड्यापलीकडचा खडक तुषारांनी निसरडा असतो आणि तेथे गेलेल्यांनी जीव गमावले आहेत.

जॅस्पर जवळ येते तसे काळ्या पडलेल्या वृक्षांचे खांब दिसू लागतात. जुलै २०२४ मधील वणव्यात गावाच्या सुमारे एकतृतीयांश इमारती भस्मसात झाल्या. जळालेल्या जमिनीतून आता गवत आणि फुले वर येत आहेत. गाव पुन्हा उभे राहत आहे.

निघण्यापूर्वी

या प्रवासाला जून ते सप्टेंबर हा काळ चांगला. जूनच्या अखेरीस जॅस्परला सूर्यास्त रात्री दहाच्या सुमारास होतो, त्यामुळे चौविहार सहज साधतो. चातुर्मासात दूरचा प्रवास टाळणाऱ्यांनी जूनमध्येच जावे. वाटेत जैन आहार मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. थेपले, खाखरे आणि उकळलेल्या पाण्याचे थर्मास बरोबर घ्यावे. पेट्रोल लेक लुईसलाच भरावे. मोबाइलचा संपर्क बहुतेक मार्गावर नसतो, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा. उद्यानप्रवेशाचा परवाना लागतो. मोरेन सरोवराला २०२३ पासून खासगी मोटारी नेता येत नाहीत, तेथे बसनेच जावे लागते. दोन कुटुंबे असतील तर दोन मोटारींऐवजी एकच मोठी गाडी करावी. पेट्रोल वाचते, आणि भोगोपभोग परिमाण व्रताची आठवणही राहते.

कुंपण आणि पूल बांधणे सरकारच्या हाती होते आणि ते त्याने केले. वेग आवरणे, डबा बंद ठेवणे आणि आपल्या उपभोगाला मर्यादा घालणे हे ज्याचे त्याच्या हाती आहे. अथाबास्काच्या पायवाटेवर उद्याचा फलक कोठे लागेल, हे त्यावरही काही प्रमाणात अवलंबून राहील.