पत्ता शोधायला ३१ नॅनोसेकंद

आजच्या बहुतेक ६४-बिट प्रोसेसरवर व्हर्च्युअल मेमरीचा पत्ता ४८ बिटांचा असतो. म्हणजे एकेका प्रोग्रॅमसमोर २८,१४,७४,९७,६७,१०,६५६ बाइटांचा पसारा, सुमारे २८१ लाख कोटी. लॅपटॉपमध्ये रॅम १६ जीबी असेल, तर खरी जागा या पसाऱ्याच्या १६,३८४व्या हिश्श्याएवढीच.

या पसाऱ्याची ४,०९६ बाइटांची पानं पाडली, तर ती ६,८७१ कोटींहून जास्त भरतात. प्रत्येक पान रॅममध्ये नेमकं कुठे आहे, याची आठ बाइटांची नोंद सलग लिहायची म्हटलं, तर नुसती नोंदवहीच ५१२ जीबीची होईल, आणि तीही दर प्रोग्रॅमला वेगळी! म्हणून नोंदी चार पातळ्यांच्या झाडात ठेवतात. प्रत्येक तक्त्यात ५१२ नोंदी, आणि वापरात असलेल्या फांद्याच तेवढ्या प्रत्यक्षात असतात. जागा वाचते, पण एका पत्त्यासाठी मेमरी चार वेळा वाचावी लागते.

नेटवर्क कार्डासारख्या उपकरणांना पूर्वी या झाडाशी देणंघेणं नव्हतं. १९८१च्या आयबीएम पीसीमध्ये इंटेलची ८२३७ ही चिप प्रोसेसरला बाजूला ठेवून थेट मेमरीत माहिती टाकायची, ती खऱ्या, भौतिक पत्त्यावर. ही सोय घातकही होती. चुकीचा पत्ता मिळालेलं उपकरण कोणाच्याही मेमरीवर, अगदी ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवरही लिहू शकायचं. आता उपकरण आणि रॅम यांच्यामध्ये आयओएमएमयू हा पहारेकरी बसतो. उपकरणाने दिलेला पत्ता तो झाडात शोधतो, आणि परवानगी असेल तरच पुढे जाऊ देतो.

खरी ओढाताण इथे सुरू होते. माझ्या मते या विषयातला थरारक आकडा २८१ लाख कोटींचा नाही, ३१चा आहे. ४०० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड पूर्ण वेगाने चाललं, तर १,५०० बाइटांची सुमारे सव्वातीन कोटी पॅकेट्स दर सेकंदाला येतात. दोन पॅकेट्समधलं अंतर ३१ नॅनोसेकंद. रॅममधून एकदा वाचायला मात्र १००च्या आसपास लागतात. चार पातळ्या उतरायच्या तर ४००, आणि तेवढ्यात तेरा पॅकेट्स दारात उभी! अलीकडे शोधलेले पत्ते आयओएमएमयू स्वतःजवळ जपून ठेवतो, कार्डही एकाच वेळी अनेक विनंत्या सोडतं, म्हणून गाडं चालतं. पण कार्ड सेकंदाला १ कोटी २२ लाख पानं भरू शकतं, आणि ती जपलेली यादी छोटी असते.

एक नॅनोसेकंद एक सेकंदाएवढा ताणून पाहू. पॅकेट दर ३१ सेकंदांनी येतंय, पत्ता शोधायला पावणेसात मिनिटं लागतायत. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे एका संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात, पाहुण्या सिस्टीमचं झाड यजमानाच्या झाडातून उतरावं लागतं. तिथे वाचनं चारावरून २४वर जाऊ शकतात, म्हणजे ४० मिनिटं.

आता तर प्रोग्रॅमचेच व्हर्च्युअल पत्ते उपकरणाच्या हाती देता येतात. विनंतीसोबत २० बिटांचा ओळखक्रमांक जातो, त्यामुळे १०,४८,५७६ वेगवेगळे पसारे ओळखता येतात. हवं ते पान रॅममध्ये नसेल, तर सोय असलेलं उपकरण ते मागवून थांबतं. एसएसडीवरून पान यायला १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास लागतात. आपल्या ताणलेल्या घड्याळात हे झाले जवळजवळ २८ तास! खऱ्या घड्याळात तेवढ्यात ५० लाख बाइट येऊन धडकलेले असतात.

म्हणूनच बहुतेक ठिकाणी जुना, खात्रीचा मार्ग वापरतात: उपकरण जिथे लिहिणार ती पानं आधीच रॅममध्ये पिन करायची, हलू द्यायची नाहीत. व्हर्च्युअल मशीनला कार्ड थेट जोडलं, की साधारणपणे त्या मशीनची सगळी मेमरी पिन होते. ६४ जीबीच्या मशीनसाठी ही पानं भरतात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. तीच मेमरी १ जीबीच्या मोठ्या पानांत मांडली, तर ६४ नोंदींत काम होतं.