सागरी कचरा आणि चक्रीय अर्थव्यवस्था

प्रस्तावना

समुद्रातील कचरा हा फक्त किनाऱ्यावरच्या गावांचा प्रश्न आहे, असा एक समज असतो. नागपूरचे उदाहरण घ्या. हे शहर दोन्ही समुद्रांपासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही तेथील नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा पुढे प्राणहिता होऊन गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे नागपूरच्या नाल्यात पडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीला समुद्रापर्यंतची वाट मोकळी आहे. तुमच्या गावचा नाला कोणत्या नदीला मिळतो, हे एकदा नकाशावर शोधून पाहा.

हा पाठ अभ्यासल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता येतील:
१. सागरी कचऱ्याचे स्रोत आणि समुद्रात त्याचे होणारे बदल.
२. काही कचरा गोळा होतो आणि काही होत नाही, यामागील आर्थिक कारण.
३. रेषीय आणि चक्रीय अर्थव्यवस्थेतील फरक.
४. भारतातील नियम व प्रयोग आणि त्यांच्या मर्यादा.

१. सागरी कचरा म्हणजे काय?

माणसाने तयार केलेली किंवा प्रक्रिया केलेली, सहजासहजी नष्ट न होणारी आणि समुद्रात किंवा किनाऱ्यावर टाकलेली, सुटलेली अथवा वाहून आलेली कोणतीही घन वस्तू म्हणजे सागरी कचरा. यात काच, धातू, रबर, कापड हे सर्व येते. पण सर्वाधिक वाटा प्लास्टिकचा असतो.

या कचऱ्याचे स्रोत दोन. पहिला, जमिनीवरचा: उघड्या कचराभूमी, नाले, नद्या, पर्यटनस्थळे. जेना जॅमबेक आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार २०१० या एका वर्षात १९२ किनारी देशांतून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेले. दुसरा स्रोत समुद्रावरचा: मासेमारीची तुटलेली जाळी, दोर, बोये आणि जहाजांवरचा कचरा. जहाजांवरून प्लास्टिक समुद्रात टाकण्यास मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाने १९८८ च्या अखेरीपासून बंदी आहे. मात्र खोल समुद्रात देखरेख ठेवणे अवघड असते.

२. समुद्रात गेल्यावर काय होते?

पाण्याच्या बाटलीचे उदाहरण घेऊ. बाटली पेट या प्लास्टिकची असते. त्याची घनता सुमारे १.३८, तर समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. त्यामुळे बाटलीत पाणी शिरले की ती बुडते. झाकण मात्र पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचे; त्याची घनता १ पेक्षा कमी, म्हणून ते तरंगत राहते. एकाच वस्तूचे दोन भाग दोन ठिकाणी जातात. यावरून लक्षात येईल की पृष्ठभागावर दिसणारा कचरा हा एकूण कचऱ्याचा एक भागच असतो.

तरंगणाऱ्या प्लास्टिकवर ऊन आणि लाटा यांचा परिणाम होतो. ते ठिसूळ होते, त्याचे तुकडे पडतात. ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. लक्षात ठेवा, तुकडे होणे म्हणजे विघटन होणे नव्हे. पदार्थ तोच राहतो, फक्त तो गोळा करणे अशक्य होत जाते आणि लहान जीवांच्या पोटात जाणे सोपे होत जाते.

बेवारस जाळ्यांचा धोका वेगळा आहे. नायलॉनचे जाळे बोटीपासून तुटले तरी त्याचे काम थांबत नाही. त्यात मासे, कासवे अडकत राहतात. याची झळ मच्छीमारालाही बसते: त्याचे जाळे गेलेले असते आणि उद्या मिळणारी मासळीही त्यातच मरते. जाळ्यात सापडलेले कासव किंवा डॉल्फिन सोडवायचे तर बऱ्याचदा जाळे कापावे लागते. ते नुकसान भरून देण्याची योजना महाराष्ट्राने २०१८ मध्ये आणली. संवर्धनाचा खर्च एकट्या गरिबाच्या माथी पडू नये, हे तिच्यामागचे तत्त्व.

३. बाटली उचलली जाते, पुडी का नाही?

हा या पाठाचा गाभा आहे. रस्त्यावर पेटची रिकामी बाटली फार वेळ पडून राहत नाही. कचरावेचक ती उचलतात, कारण भंगारवाला तिचे पैसे देतो. त्याच रस्त्यावरची शाम्पूची किंवा गुटख्याची पुडी मात्र तशीच पडून राहते. ती अनेक थरांची असते. प्लास्टिकचे वेगवेगळे थर, कधी अ‍ॅल्युमिनिअमचाही, एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करणे महाग पडते. शिवाय एक किलो वजन भरायला शेकडो पुड्या वेचाव्या लागतात आणि एवढे करून दर मिळत नाही.

म्हणजे कोणती वस्तू नाल्यात जाणार, हे मोठ्या प्रमाणात तिच्या रचनेवरून आणि वापरानंतर उरणाऱ्या किमतीवरून ठरते. हा निर्णय ग्राहक कचरा टाकतो तेव्हा नव्हे, तर कारखान्यात वेष्टनाचा आराखडा होतो तेव्हाच बराचसा झालेला असतो. केवळ ‘लोकांना शिस्त नाही’ एवढ्यावर थांबणारे विश्लेषण म्हणूनच अपुरे ठरते.

४. रेषीय आणि चक्रीय अर्थव्यवस्था

‘घ्या, बनवा, वापरा, फेका’ ही रेषीय अर्थव्यवस्था. तिचा हिशेब पाहा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार २०१५ पर्यंत एकूण सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झाले आणि त्यातील सुमारे ६३० कोटी टनांचा कचरा झाला. या कचऱ्यापैकी ९ टक्क्यांचे पुनर्चक्रण झाले, १२ टक्के जाळला गेला आणि ७९ टक्के कचराभूमीत किंवा निसर्गात साठला.

चक्रीय अर्थव्यवस्थेची तीन तत्त्वे आहेत:
(अ) कचरा आणि प्रदूषण आराखड्याच्या टप्प्यावरच टाळणे.
(आ) वस्तू आणि पदार्थ शक्य तितका काळ वापरात ठेवणे.
(इ) निसर्गाचे पुनरुज्जीवन करणे, उदाहरणार्थ ओल्या कचऱ्याचे खत करून ते जमिनीला परत देणे.

यात क्रमाला महत्त्व आहे. आधी टाळणे, मग कमी करणे, दुरुस्ती आणि पुनर्वापर, त्यानंतर पुनर्चक्रण, मग ऊर्जानिर्मिती आणि सर्वांत शेवटी कचराभूमी. जुन्या साडीची गोधडी, रद्दीवाला, दुधाच्या काचेच्या बाटल्या परत देणे या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत. नवे आहे ते एवढेच, की ही सवय आता उद्योगाच्या आराखड्यात आणि कायद्यात आणायची आहे.

५. भारतातील नियम

प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये आले. त्यातील २०२१ च्या दुरुस्तीनुसार १ जुलै २०२२ पासून कानकोरण्यांच्या प्लास्टिक काड्या, स्ट्रॉ, ताटल्या, चमचे अशा ठरावीक एकल-वापर वस्तूंवर बंदी आली. प्लास्टिक पिशवीची किमान जाडी ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. पिशवी जाड असली की ती पुन्हा वापरता येते आणि भंगारात तिला दरही मिळतो, हा यामागचा विचार.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘उत्पादकाची विस्तारित जबाबदारी’ याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली. वेष्टन बाजारात आणणाऱ्याने ते वापरानंतर गोळा होईल आणि त्यावर प्रक्रिया होईल याची जबाबदारी घ्यावी, असे ती सांगतात. तिसऱ्या विभागात पाहिलेल्या पुडीचा खर्च आतापर्यंत नगरपालिका, मच्छीमार आणि समुद्र सोसत होते. तो बनवणाऱ्याकडे वळवण्याचा हा प्रयत्न आहे.

६. तीन प्रयोग

नींदकरा, केरळ: कोल्लम जिल्ह्यातील या बंदरात २०१७ मध्ये ‘शुचित्व सागरम्’ प्रकल्प सुरू झाला. पूर्वी जाळ्यात आलेले प्लास्टिक मच्छीमार पुन्हा समुद्रात टाकत. आता ते किनाऱ्यावर आणतात. तेथे स्त्रिया ते निवडतात, धुतात. मग त्याचा चुरा करून तो डांबरी रस्त्यांत वापरला जातो.

पुणे, महाराष्ट्र: कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना १९९३ मध्ये स्थापन झाली. तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. सभासद घरोघरी जाऊन वर्गीकृत कचरा घेतात. घरांकडून शुल्क मिळते आणि भंगार विकून आलेले पैसे त्यांचेच राहतात. कचरा उगमापाशीच वेगळा झाला की पदार्थ स्वच्छ राहतो आणि त्याला किंमत येते.

निलगिरी, तमिळनाडू: पर्यटकांनी जंगलात फेकलेल्या दारूच्या बाटल्यांच्या काचांनी हत्ती व इतर प्राणी जखमी होत. २०२२ पासून तेथे बाटलीमागे १० रुपये जादा घेतले जातात आणि रिकामी बाटली परत केल्यावर ते परत मिळतात. कचऱ्याला किंमत देण्याचा हा सर्वांत सरळ मार्ग आहे.

७. मर्यादा

या उपायांकडे चिकित्सकपणे पाहायला हवे. रस्त्यात गेलेले प्लास्टिक समुद्रात जात नाही, हा फायदाच. पण ते पुन्हा वेष्टन म्हणून परत येत नाही. त्यामुळे चक्र पूर्ण होत नाही. ‘जैवविघटनशील’ म्हणून विकले जाणारे पीएलए प्लास्टिक औद्योगिक खतप्रकल्पातील सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानाला कुजते; थंड समुद्रात ते दीर्घकाळ टिकते. किनारा स्वच्छता मोहिमा आवश्यक आहेत, पण वरून येणारा ओघ चालूच राहिला तर पुढच्या भरतीला किनारा पुन्हा भरतो. जागतिक पातळीवर मार्च २०२२ मध्ये नैरोबी येथे प्लास्टिक कराराचा निर्णय झाला. परंतु ऑगस्ट २०२५ मधील जिनिव्हा येथील बैठकही सहमतीविना संपली. उत्पादनावरच मर्यादा घालायची की फक्त कचरा हाताळायचा, हा वादाचा मुख्य मुद्दा आहे.

सारांश

सागरी कचऱ्याचा मोठा भाग जमिनीवरून येतो. समुद्रात गेल्यावर तो बुडतो, विखुरतो, लहान होतो आणि मग परत मिळवता येत नाही. म्हणून उपाय उगमाकडे शोधावा लागतो: वस्तूच्या रचनेत, तिच्या वापरोत्तर किमतीत आणि ती गोळा करणाऱ्यांच्या हक्काच्या उत्पन्नात.

स्वाध्याय

१. ६३० कोटी टन कचऱ्यापैकी किती टनांचे पुनर्चक्रण झाले, ते काढा.
२. जाळे नायलॉनचे असल्यास (घनता सुमारे १.१४) बोये निघून गेल्यावर ते कोठे जाईल? तेथे कोणत्या जीवांना धोका आहे?
३. तुमच्या घरातील एका दिवसाच्या सुक्या कचऱ्याची यादी करा. जवळच्या भंगारवाल्याला प्रत्येक वस्तूचा दर विचारा. दर नसलेल्या वस्तूंपैकी एकीचे वेष्टन कसे बदलता येईल, ते दहा ओळींत लिहा.