खांद्यावरची सायकल

पावसाळ्यात काळ्या रानातून सायकल काढण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांना पुढची गत ठाऊक आहे. शंभर पावले जाताच चिकण मातीचा लगदा मडगार्डमध्ये दाटतो, चाक फिरेनासे होते. मग काडीने चिखल कोरीत बसा, नाही तर सायकल उचला. आपल्याला जी आपत्ती वाटते, तिचाच बेल्जियम, नेदरलँड्स, फ्रान्स या देशांत खेळ झाला आहे. त्याचे नाव सायक्लोक्रॉस.

१९०२ मध्ये डॅनिएल गूसो या सैनिकाच्या पुढाकाराने फ्रान्सची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पहिली जागतिक स्पर्धा १९५० मध्ये पॅरिसला झाली व ती जां रोबिकने जिंकली; १९४७ ची 'तूर द फ्रान्स' जिंकणारा रोबिक तो हाच. शर्यत हिवाळ्यातली, मार्ग तीनेक किलोमीटरांचा, आणि त्याच मार्गाच्या फेऱ्या तासभर मारायच्या. वाटेत गवत, चिखल, वाळू, पायऱ्या आणि गुडघ्याच्या खाली येणाऱ्या आडव्या फळ्या. जेथे चालवता येत नाही तेथे स्वार धावत्या सायकलवरून उतरतो, तिला खांद्यावर टाकून पळतो आणि पुन्हा उडी मारून बसतो.

आता ही सायकल पाहा. दुरून ती रस्त्यावरच्या शर्यतीचीच वाटते. हँडल तसेच खाली वळलेले, नळ्या तशाच सडपातळ. परंतु चिमट्यात बोट घालून पाहावे. रस्त्याच्या सायकलीत टायर आणि चिमटा यांत जेमतेम फट असते. येथे चिखलाला निघून जाण्यापुरती मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असते. मडगार्ड अर्थातच नाही. ब्रेकचेही तेच. रस्त्याच्या सायकलीचा ब्रेक टायरला वरून कवटाळीत असे, म्हणजे चिखलाला अडकायला आयती जागा. म्हणून येथे दोन बाजूंना फाकलेल्या हातांचा ब्रेक आला. २०१० मध्ये चकतीच्या ब्रेकला परवानगी मिळाली, आणि टायरजवळची ती अडचणच संपली.

हवेचा हिशेब तर आपल्या समजुतीच्या उलट आहे. आपण टायर टणक होईपर्यंत पंप मारतो. हे स्वार पुष्कळदा २०-२५ पौंडांवर थांबतात, कारण मऊ टायर जमिनीवर पसरतो आणि पकड धरतो. इतक्या कमी हवेत साधी ट्यूब रिमच्या काठात चिमटून फुटेल. त्यासाठी ट्यूब आत शिवलेला टायर रिमवर चिकटवून बसवण्याची पद्धत या खेळात टिकून राहिली.

दांडीची गोष्ट मात्र आम्हाला सर्वांत आवडते. दांडी खांद्यावर घ्यायची, म्हणून ती पुष्कळदा खालून चपटी केलेली असते. तारा तिच्या खालून न्यायच्या नाहीत; पूर्वी त्या वरून नेत, आता बहुधा नळीच्या आतूनच जातात. पाण्याची बाटली नसते. तासाभराच्या शर्यतीत ती लागत नाही, आणि सायकल उचलताना हाताच्या आड येते ती वेगळीच. माणसाला वाहणारे वाहन माणसाने वाहावे, यासाठी इतका विचार केलेला आहे!

मग डोंगरी सायकलच का वापरू नये? तिला रुंद टायर आहेत, धक्के गिळणारे दट्टे आहेत. कारण नियम आडवा येतो: मोठ्या स्पर्धांत टायर ३३ मिलिमीटरांहून रुंद चालत नाही. काहींना हा हट्ट जुनाट वाटतो. आमच्या मते या नियमातच खेळाचा प्राण आहे. टायर रुंद झाले की चिखलातली वाट निवडण्याचे कसब यंत्राकडे गेले, आणि खांदा रिकामा राहिला.

अलीकडे खडीच्या रस्त्यांसाठी 'ग्रॅव्हल' नावाची सायकल निघाली आहे. ती दिसते अशीच, पण बांधणीने लांब व स्थिर, टायर ४० मिलिमीटर व त्याहूनही रुंद, पिशव्या-बाटल्या अडकवायला जागोजाग भोके. दूरच्या प्रवासाला निघणाऱ्याने हीच घ्यावी. सायक्लोक्रॉसची सायकल चटकन वळते, म्हणून दिवसभराच्या वाटचालीत ती स्वस्थ बसू देत नाही.

शिवाय तिला एकटे राहण्याचीही सवय नाही. मोठ्या स्पर्धेत स्वाराजवळ एकाहून अधिक सायकली असतात. चिखलाने जड झालेली सायकल तो मार्गालगतच्या ठरलेल्या जागी टाकतो, दुसरी घेऊन सुटतो. आणि तो फिरून येईपर्यंत त्याची माणसे पहिली धुऊन, चेनला तेल देऊन, हातात धरून उभी असतात.