ग्रब नेमका कुठे बसला?

तळेगाव–चाकण पट्ट्यातलं सुदुंबरे महाराष्ट्राला ठाऊक आहे ते तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीमुळे. आज त्याच गावात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आहे आणि एक अभियांत्रिकी महाविद्यालयही. संगणक शाखेच्या विद्यार्थ्याला अभ्यासात कधी ना कधी लिनक्स लागतंच. घरच्या लॅपटॉपवर मात्र विंडोज असतं आणि त्याला हात लावायची घरात कुणाची तयारी नसते. मग सुचणारा मार्ग सुदुंबऱ्यात काय किंवा नांदेडात काय, एकच: अख्खं लिनक्स पेनड्राइव्हवर बसवायचं, हव्या त्या यंत्राला जोडायचं, काम झालं की काढून खिशात टाकायचं. कल्पना उत्तम आहे. स्वस्त आहे, आणि शिकणाऱ्याला स्वतःची यंत्रणा हाताळायचं स्वातंत्र्य देणारी आहे. अडचण येते ती शेवटच्या टप्प्यावर. प्रणाली बसते, पण सुरूच होत नाही. मग पेनड्राइव्ह पुन्हा फॉरमॅट होतो, पुन्हा सगळं बसवलं जातं, तरीही नाही झालं तर ‘ड्राइव्हच खराब निघाला’ म्हणून नवा आणला जातो. माझं म्हणणं असं की दोष बहुतेक वेळा ड्राइव्हचा नसतो. तो एका चुकीच्या गृहीतकाचा असतो: फिरतीवर जाणाऱ्या ड्राइव्हला आपण आणि आपलं इन्स्टॉलर एकाच यंत्रात कायम राहणाऱ्या डिस्कसारखं वागवतो.

हे पटण्यासाठी यंत्र सुरू होताना काय घडतं ते पाहावं लागेल. बटण दाबल्यावर प्रथम जागा होतो तो मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम. त्याला लिनक्स कळत नाही, विंडोजही कळत नाही. त्याचं काम एवढंच, की बूट लोडर नावाचा छोटा प्रोग्राम शोधायचा आणि सूत्रं त्याच्या हाती द्यायची. लिनक्समध्ये हा लोडर बहुधा ग्रब असतो. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेल्या बायोस पद्धतीत हा शोध अगदी साधा होता. डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचायचे, शेवटच्या दोन बाइटांत ठरलेली खूण आहे का पाहायचं, असेल तर तिथला कोड चालवायचा. हार्ड डिस्कवर या ५१२ पैकी ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्याला जातात आणि कोडला उरतात जेमतेम ४४६. एवढ्यात ग्रब मावणं शक्यच नाही, म्हणून त्याचा पुढचा भाग पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत ठेवतात. इथली नेहमीची चूक म्हणजे ग्रब संपूर्ण ड्राइव्हवर, म्हणजे ‘एसडीबी’वर, न बसवता ‘एसडीबी१’ या पार्टिशनवर बसवणं. पहिला सेक्टर मग रिकामाच राहतो. दुसरी चूक नव्या जीपीटी तक्त्याची. त्यात ती मोकळी जागा हक्काची नसते, त्यामुळे ग्रबसाठी एक एमबीचा, फाइल सिस्टिम नसलेला वेगळा भाग राखावा लागतो. तो नसेल तर ग्रब तसं स्पष्ट सांगतो, पण तो इशारा वाचतो कोण?

बायोसची जागा घेणाऱ्या यूईएफआय पद्धतीत खरी गंमत आणि खरा घोळ आहे. इथे मूळ प्रोग्राम फॅट पद्धतीचं पार्टिशन वाचू शकतो आणि त्यातली लोडरची फाइल थेट चालवतो. कोणती फाइल, हे कळायचे मार्ग दोन. एक तर मदरबोर्डच्या स्वतःच्या स्मृतीत नोंद असते, की अमुक डिस्कवरच्या अमुक फोल्डरातली अमुक फाइल चालव. आतल्या डिस्कचं काम या नोंदीवर चालतं. दुसरा मार्ग काढता-घालता येणाऱ्या ड्राइव्हसाठी ठरवलेला आहे: ‘ईएफआय’ फोल्डरात ‘बूट’ फोल्डर आणि त्यात ‘बूटएक्स६४’ नावाची फाइल. आजच्या बहुतेक संगणकांसाठी नाव हेच. ही फाइल तिथे असेल तर कुठल्याही यंत्राला आधीची ओळख लागत नाही. फिरत्या ड्राइव्हने दुसऱ्याच मार्गाने जायला हवं हे उघड आहे. तरी अनेक इन्स्टॉलर त्याला पहिल्या मार्गाने नेतात.

याचा ठळक पुरावा उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरमधल्या, वर्षानुवर्षं नोंदवल्या गेलेल्या दोषात मिळतो. बूट लोडर कुठे बसवायचा असं तो विचारायचा, आपण पेनड्राइव्ह निवडायचो, आणि यूईएफआय पद्धतीत तो निवड बाजूला ठेवून लोडर आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये टाकायचा, शिवाय मदरबोर्डच्या स्मृतीत नोंद करायचा. परिणाम दोन, आणि वरवर पाहता एकमेकांशी संबंध नसलेले. दुसऱ्या संगणकाला पेनड्राइव्ह दिसत नाही, कारण त्यावर लोडरच नाही. आणि घरचा लॅपटॉप पेनड्राइव्ह काढल्यावर काळ्या पडद्यावर ग्रबची ओळ दाखवून थांबतो, कारण आतला ग्रब आपली बाकी माहिती गैरहजर ड्राइव्हवर शोधत असतो. घरात मग ‘विंडोज उडालं’ असा गोंधळ. विंडोज जागेवरच असतं. बूट मेनूत विंडोज बूट मॅनेजर निवडला की ते सुरू होतं. पुन्हा प्रणाली बसवल्याने यातलं काहीच सुटत नाही, तीच चूक तशीच पुन्हा घडते.

दुरुस्ती मात्र सरळ आहे. त्याच लॅपटॉपवर पेनड्राइव्हमधलं लिनक्स सुरू करायचं, ड्राइव्हवर शे-दोनशे एमबीचं फॅट ३२ पार्टिशन करून त्याला ईएफआयची खूण द्यायची, ते ‘बूट’मधल्या ‘ईएफआय’ या जागी जोडायचं आणि ग्रब बसवण्याची आज्ञा ‘रिमूव्हेबल’ या पर्यायासह द्यायची. ‘नो-एनव्हीरॅम’ हा पर्याय जोडला की मदरबोर्डच्या स्मृतीत नोंद होत नाही. कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं ते सांगणाऱ्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये ईएफआय पार्टिशनचा जुना यूयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, राहिला असेल तर तोही बदलायचा, नाहीतर पुढच्या अपडेटला ग्रब पुन्हा आतल्या डिस्ककडे जाईल. त्याआधी एक तपासणी हवी: आपण यूईएफआय पद्धतीनेच सुरू झालो आहोत ना? बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह कधी कधी दोनदा दिसतो, एकदा यूईएफआय या शब्दासह आणि एकदा त्याशिवाय. चुकीची ओळ निवडली तर पुढचं सगळं चुकीच्या पद्धतीने बसतं.

पडद्यावरचा मजकूर यात सर्वांत विश्वासू साक्षीदार आहे. बूट होण्याजोगं उपकरणच सापडलं नाही असं यंत्र म्हणत असेल, तर सूत्रं लोडरपर्यंत पोहोचलीच नाहीत. ‘ग्रब रेस्क्यू’ दिसलं, तर ग्रबचा गाभा चालला, पण त्याला उरलेले भाग सापडले नाहीत. ग्रबचा मेनू दिसला, लिनक्स सुरू व्हायला लागलं आणि मग अमुक यूयूआयडी अस्तित्वात नाही असं म्हणून थांबलं, तर लोडरने आपलं काम चोख केलं आहे. कर्नलला यूएसबी ड्राइव्ह अजून दिसलेला नाही, एवढंच. तिथे पोर्ट बदलणं, मधला हब काढणं किंवा कर्नलला काही सेकंद थांबायला सांगणारा ‘रूटडिले’ वापरणं उपयोगी पडतं. या टप्प्यावर ग्रब पुन्हा बसवणं म्हणजे वेळ घालवणं.

यावर कुणी म्हणेल, रुफस किंवा व्हेंटॉयसारखी तयार साधनं असताना एवढं समजून घ्यायचं कशाला? ही साधनं उत्तम आहेत, पण त्यांचं मुख्य काम आयएसओ फाइलमधून सुरू होणारा ड्राइव्ह तयार करणं. त्या फाइलमध्ये तिचे कर्ते लोडर ठरलेल्या जागी आधीच ठेवतात, म्हणून ती सहज चालते. आपण नेहमीच्या पद्धतीने बसवलेल्या प्रणालीत ती जागा भरायची जबाबदारी आपली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सगळं बरोबर असूनही कालपर्यंत चालणारा ड्राइव्ह आज का अडतो? ऑगस्ट २०२४ मध्ये नेमकं असं घडलं. मायक्रोसॉफ्टच्या अपडेटने, विश्वासू सहीचेच लोडर चालू देणाऱ्या सिक्युअर बूटच्या यादीत जुन्या, असुरक्षित लोडरांना मज्जाव केला आणि विंडोजबरोबर लिनक्स ठेवणाऱ्या अनेकांच्या पडद्यावर ‘एसबॅट’ तपासणी फसल्याचा संदेश आला. त्या यंत्रांवर जुने पेनड्राइव्हही अडले. म्हणजे इथेही ड्राइव्ह बिघडला नव्हता, यंत्राच्या अटी बदलल्या होत्या. सिक्युअर बूट बंद करा हा सल्ला लगेच मिळतो, आणि तो बऱ्याचदा चालतोही. पण विंडोजवर डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर सुरू असेल तर त्यानंतर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती हाताशी नसेल तर घरच्यांचा सगळा डेटा अडकतो. शिवाय ही अट उगाच नाही. २०२० मध्ये उघड झालेली ‘बूटहोल’ ही त्रुटी ग्रबमध्येच होती. तेव्हा आधी ग्रब आणि त्याच्या अगोदर चालणारा, मायक्रोसॉफ्टच्या सहीचा ‘शिम’ हे दोन्ही अद्ययावत करावेत, आणि सिक्युअर बूटला हात लावायचाच झाला तर रिकव्हरी की लिहून घेतल्याशिवाय लावू नये.

प्रयोगशाळेतली यंत्रं जुनी आणि घरचा लॅपटॉप नवा असेल, तर एकच ड्राइव्ह दोन्हीकडे चालवता येतो. त्यासाठी जीपीटी तक्त्यात ग्रबचा एक एमबीचा भाग आणि फॅट ३२ चं ईएफआय पार्टिशन, दोन्ही ठेवायचे आणि ग्रब दोनदा बसवायचा, एकदा बायोससाठी आणि एकदा यूईएफआयसाठी. या दोन जागा पहिल्या दिवशी, ड्राइव्ह रिकामा असतानाच राखाव्यात. भरलेल्या ड्राइव्हवर पार्टिशन सरकवताना डेटा जायची भीती असते.